धाकटीच्या गळ्यातला दोरा

अप्पा गेल्यापासून आई, आमची अव्वा, माझ्याकडंच हुलसूरला होती. तिचं अंघोळीचं पाणी मी तापवायचे, पाय मी चेपायचे. धाकटी बहीण लग्न करून हैदराबादला गेली ती गेलीच. तरी अव्वाच्या तोंडी उठताबसता धाकटी! मी जळायचे. आता या वयात कशाला लपवू?

रझाकारांची धामधूम निवून तीन-चार वर्षं झाली होती. धाकटीनं शहर बघायला बोलावलं. निघताना अव्वानं गाठोड्यात पाच लुगडी बांधली. दोन दिवसांच्या मुक्कामाला पाच लुगडी! ही तिथंच राहायचं ठरवून निघाली, दुसरं काय.

धाकटीनं आम्हाला फिरवलं. फिरवलं कसलं, मिरवलं! "अव्वा, ह्यो बघ आमचा चारमिनार." आमचा म्हणे! जसा काही हिच्या सासऱ्यानंच बांधलाय. नवाबाच्या वाड्यातल्या अजायबघरात एका मोठ्या घड्याळातून इवलासा माणूस बाहेर आला, टणटण घंटा वाजवून आत गेला. अव्वा लेकरागत हरखली. पुढं पांढऱ्या दगडाची बाई होती, तोंडावर पातळ पदर, तोही दगडाचाच. "हिचा जीव कसा गुदमरत न्हाई गं?" अव्वानं विचारलं. धाकटीनं हसून तिचा हात धरला आणि पुढं सगळीकडं धरूनच ठेवला. मी मागून पिशवी घेऊन.

दुपारी मुशी नदीच्या काठी झाडाखाली भाकरी सोडली. आम्ही लिंगायत; आमच्यात लिंगपूजा झाल्याबिगर घास घेत नाहीत. मी आणि अव्वानं गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं, भस्म लावलं. "माझी सकाळीच झाली," म्हणून धाकटी तांब्या घ्यायला वाकली आणि तिचा पदर सरकला. गळ्यात मंगळसूत्र होतं. लिंगाचा दोरा नव्हता.

आमच्याकडं लिंग अंगावेगळं करणं म्हणजे जीव काढून खुंटीला टांगणं. खरं सांगते, मला आनंद झाला. धाकटी रिक्षा बघायला गेली तशी मी अव्वाच्या कानाला लागले. "तुझ्या लाडकीच्या गळ्यात लिंग न्हाई. शहरात आल्यावर लाज वाटायली असंल."

आता अव्वा भडकंल, उद्याच गाठोडं उचलंल, असं मला वाटलं. धाकटी आल्यावर अव्वानं एवढंच विचारलं, "कामून काढलंस गं?"

धाकटी अव्वापुढं बसली. "दिसभर घरात कुणी न्हाई, अव्वा. एकटीनं लिंग हातावर घेतलं की रडूच येतंय. फडताळात ठेवलंय."

अव्वानं तिला जवळ ओढलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "ही जुनी लुगडी हिच्या वाकळंला आणली होती. मी उद्या तुझ्यासंगं येणारच होते. आता न्हाई. हिला संगं बसवून रोज पूजा करवून घेते. बरं झालं बाई, तू सांगितलंस."

दुसऱ्या दिवशी मी बिदरच्या गाडीत एकटी बसले. गाडी हलली. फलाटावरून अव्वानं हात हलवला, आणि तोच हात लगेच धाकटीच्या गळ्यातला दोरा नीट करायला गेला.