शेवटच्या शब्दाआधी थांबायचं

आईच्या मेंदूत गुठळी झाली आणि तिची वाचा गेली, त्या वेळी मी डोंबिवलीच्या माझ्या घरात कपड्यांच्या कपाटात तोंड घालून एका धाडसी खारीची गोष्ट सांगत होते. हे जरा समजावून सांगते. लहान मुलांची पुस्तकं मोठ्याने वाचणं हा माझा व्यवसाय आहे. मोबाइलवर गोष्टी ऐकवणाऱ्या एका अ‍ॅपसाठी मी आवाज देते. साड्या-ओढण्यांनी भरलेलं कपाट हा माझा स्टुडिओ, कारण त्यात आवाज घुमत नाही. रेकॉर्डिंग चालू असताना फोन सायलेंटवर असतो. त्यामुळे कळव्याहून आईच्या शेजारच्या काकूंनी केलेले सगळे फोन वाया गेले, आणि मी खारीला झाडावर चढवून, वर एक रीटेक घेऊन, मगच बाहेर आले.

हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा आई शुद्धीवर होती. उजवा हात निपचित पडलेला, तोंड किंचित वाकडं. मला बघून ती काहीतरी बोलायला गेली आणि "हां" म्हणाली. परत प्रयत्न केला, परत "हां". काकू ढसाढसा रडत होत्या. मी नर्सला विचारलं, पाणी पाजलं तर चालेल का. मला आठवतंय, की आपल्याला काही वाटत कसं नाही याचंच मला नवल वाटलं होतं. दाढ काढण्याआधी इंजेक्शन देतात, मग ओठ असतो पण आपला वाटत नाही, तसं झालं होतं. पुढे बरेच महिने तसंच राहिलं.

आई कळव्याच्या शाळेत आयुष्यभर पहिलीला शिकवत होती. आमच्या गल्लीत तिला नावाने कोणी ओळखत नाही, सगळ्यांची ती बाईच. डॉक्टर म्हणाले, बोललेलं सगळं त्यांना समजतंय, पण शब्द बाहेर येत नाहीत. घरी आणल्यावर तिच्याकडे तो एकच आवाज उरला होता. चहा हवा, हां. नको, हां. पंखा बंद कर, हां. मी नवऱ्याला डोंबिवलीत डबा लावून दिला, कपड्यांची बॅग आणि माइक उचलला आणि कळव्याला राहायला आले.

ठाण्याला नौपाड्यात एक स्पीच थेरपिस्ट होती. वयाने माझ्याहून बरीच लहान, पण बोलायला खमकी. पहिल्याच दिवशी तिने कपाटातून तीन पुस्तकं काढून माझ्यापुढे ठेवली. तिन्ही अगदी लहान मुलांची, पानं हाताळून मऊ पडलेली. एक मैत्रीचं, म्हैस आणि तिच्या पाठीवर बसणारा बगळा. एक धाडसाचं, ओहोटीच्या वेळी बिळातून बाहेर यायला घाबरणारा खेकडा. आणि एक सावकाशीचं, अगदी हळू चालणारी एक रिक्षा, जिच्यात कोणी बसतच नाही. मी म्हणाले, "अहो, माझी आई शिक्षिका होती. तिला हे बालवाडीचं वाचून दाखवू?"

"हेच वाचून दाखवा," ती म्हणाली. "वाक्य लहान आहे, चित्र समोर आहे, पुढे काय येणार ते ओळखता येतं. तुम्ही वाक्य वाचायचं आणि शेवटच्या शब्दाआधी थांबायचं. तो शब्द आईंचा. कितीही वेळ लागू दे, तुम्ही बोलायचं नाही."

हे तर मला पाठ होतं. आई वर्गात तेच करायची. "सूर्य उगवतो पूर्वे..." म्हणून थांबायची आणि अख्खा वर्ग छप्पर उडेल असा ओरडायचा, "ला!" एखादं पोर गप्प राहिलं तर ती त्याच्यासमोर जाऊन वाक्य पुन्हा म्हणायची आणि गालातल्या गालात हसत उभी राहायची. मी तिच्याच वर्गात होते. घरी स्वयंपाक करतानासुद्धा तिची ती सवय जायची नाही.

"मग तुम्हाला सोपंच जाईल," थेरपिस्ट म्हणाली. निघताना तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, की सुरुवातीचे महिने फार महत्त्वाचे असतात, त्यात जेवढं येतं तेवढं नंतर येत नाही. "आणि या काळात नाहीच आलं, तर..." एवढं बोलून तीही शेवटच्या शब्दाआधी थांबली. तो शब्द मीही बोलले नाही.

मला ते मुळीच सोपं गेलं नाही. माझ्या कामात शांतता म्हणजे चूक. आमच्या अ‍ॅपवर आवाज कापणारा आणि जोडणारा एक जण आहे, तो मला सारखा बजावत असतो, "मॅडम, गॅप लय पडतोय. जरा टाइट घ्या ना, पोरं स्किप मारतात." वर्षानुवर्षं त्याचं ऐकून मी अशी वाचायला शिकले आहे, की दोन वाक्यांमध्ये श्वाससुद्धा ऐकू येत नाही. तेव्हा मी आईसमोर बसायचे, पुस्तक धरायचे, "म्हशीच्या पाठीवर बसला एक..." म्हणून थांबायचे, आणि आईचे ओठ हलायला लागायच्या आत माझ्या तोंडून "बगळा" निसटून जायचा. ती माझ्याकडे बघायची. मी पान उलटायचे.

आणि मी एकटीच नव्हते. भेटायला येणारा प्रत्येक जण तेच करायचा. जुने विद्यार्थी यायचे, आता टक्कल पडलेले बाप्ये, आणि पाया पडून म्हणायचे, "बाई, ओळखलं का? नाही ना ओळखलं? मी शेवटच्या बाकावरचा!" आईने तोंड उघडेपर्यंत त्यांनी प्रश्न विचारलेला असायचा, उत्तर दिलेलं असायचं, आणि हसूनही झालेलं असायचं. आमच्याकडे बोलता न येणाऱ्या माणसाला मदत करायची म्हणजे त्याच्या वाटचं आपण बोलून टाकायचं. सगळे प्रेमानेच करतात. प्रेमाने केलेल्या गोष्टीला कोणी आवर घालत नाही.

यात काकूंचा हात कोणी धरला नसता. भिंतीला भिंत लागून त्या आणि आई कितीतरी वर्षं राहताहेत. नळाच्या पाण्यावरून कडाकडा भांडून त्यांची मैत्री झालेली. त्या रोज दुपारी यायच्या आणि दोघींचंही बोलणं स्वतःच करायच्या. "काय गं, जेवलीस का? हो, जेवली. काय होतं? भेंडी असणार. तुला भेंडी नाही आवडत, माहितीये मला." एकदा मी त्यांच्या हातात म्हैस आणि बगळा दिला. बगळा उडून जातो आणि म्हैस तळ्याकाठी वाट बघत राहते, त्या पानावर काकूंनी पदर डोळ्याला लावला. मी कोरडी ठणठणीत बसून होते. म्हटलं, बरं झालं, घरात कोणीतरी रडतंय.

थेरपिस्टने सांगितलं, घरी वाचता तेव्हा फोनवर रेकॉर्ड करून आणा. मी आणलं. तिने कानात इअरफोन घालून पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "काय सुंदर वाचता तुम्ही! पण यात आई कुठे आहेत?"

मला राग आला असं सांगायला आवडलं असतं. तो निदान काहीतरी असता. मी "बरं" म्हणाले आणि आईला धरून जिना उतरवला. परतताना खाडीच्या पुलावर रिक्षा अडकली. पुढचं काही हलेना, रिक्षावाला हॉर्न बडवत बसला. आई खाडीकडे बघत होती, अगदी निवांत. मला वाटलं, या बाईला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही, आणि आपणच एकट्या धावतोय.

घरी आल्यावर तो सगळा न आलेला राग काकूंवर निघाला. त्या नेहमीसारख्या आईच्या वतीने बोलत होत्या आणि मी एकदम म्हणाले, "काकू, तुम्ही जरा गप्प बसाल का?" त्या उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या तोंडात लवंग धरूनच. हाताने खूण करून त्यांनी मला सांगितलं, की लवंग दाताखाली असली की जीभ आवरते. पुस्तक घेऊन त्या आईसमोर बसल्या. लवंग गालात सारली, "म्हशीच्या पाठीवर बसला एक..." एवढं वाचलं, लवंग परत दाताखाली, आणि डोळे मोठे करून आईकडे बघत बसल्या. किती वेळ गेला कोण जाणे. कुकरची शिट्टी झाली, मी जाऊन गॅस बारीक करून आले, तरी दोघी तशाच. आणि मग आई म्हणाली, "बगळा."

काकूंची लवंग तोंडातून उडाली. त्यांनी आईला मिठी मारली, मला हाका मारल्या, मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावून आणलं. मी दारात उभी होते. आनंद व्हायला हवा होता, तो कुठे अडकला होता मला माहीत नाही. मी सगळ्यांसाठी चहा टाकला.

त्यानंतर शब्द येऊ लागले. मीही लवंग धरायला शिकले. म्हैस आली, तळं आलं, चिखल, रिक्षा, पूल. थेरपिस्ट खूश होती, पण पुरती नाही. "हे पुस्तकातले शब्द आहेत," ती म्हणाली. "चित्र दिसतं, वाक्य ओळखीचं असतं, म्हणून येतात. आईंनी स्वतःच्या मनातलं काही सांगितलं का? एक तरी शब्द, जो पुस्तकात नाही?" नव्हता सांगितला. चहा हवा असला तर अजूनही "हां"च होतं. महिने सरत होते आणि मला तेवढं एकच हवं होतं, तिने तिचं काहीतरी बोलावं. शिवी दिली असती तरी चाललं असतं. रात्रंदिवस हेच मनात असायचं, पण तेही एखाद्या कामासारखं. गिरणीतून दळण आणायचंय, तसं.

एका दुपारी खेकड्याचं पुस्तक काढलं. काकू त्यांच्या भाचीकडे शहाडला गेल्या होत्या, घरात आम्ही दोघीच. एव्हाना ते पुस्तक इतक्यांदा वाचून झालं होतं, की मला त्या खेकड्याचा वीट आला होता. ओहोटी लागते, सगळे खेकडे बाहेर पळतात, हा मात्र बिळाच्या तोंडाशी अडून बसतो. मग एक पाय बाहेर, मग दुसरा. शेवटच्या पानावर तो चिखलात उभा आहे, वर मोठं आभाळ, आणि तो म्हणतो, "मला आता भीती वाटत नाही." आईला ते शेवटचे दोन शब्द एकत्र जमतात का बघू, म्हणून मी आधीच थांबले. "मला आता भीती..."

आई चित्राकडे बघत होती. ओठ हलले, थांबले. मी लवंग घट्ट धरून ठेवली. खाली भंगारवाला ओरडत गेला. आईने मान वर केली आणि स्पष्ट म्हणाली, "वाटते."

आणि मी काय केलं? "वाटत नाही," मी म्हणाले. "भीती वाटत नाही. बघ, आई, इथे लिहिलंय." मी छापलेल्या ओळीवर बोट ठेवून तिला दाखवलं. बाईंच्या पोटी जन्माला येऊन दुसरं काय करणार होते!

आईने मान हलवली. डावा हात उचलून तिने पानावर ठेवला, ओळीवर, खेकड्यावर, माझ्या बोटावर. हात गरम होता. ती माझ्याकडे बघून परत म्हणाली, सावकाश, पहिलीतल्या पोराला सांगावं तसं, "वाटते."

ती पुस्तकातलं बोलत नव्हती, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. आम्ही तिला चाललीस, उठलीस, आता काय घाबरायचं, असं रोज सांगत होतो, आणि तिला भीती वाटते का हे मी एकदाही विचारलं नव्हतं. आत काहीतरी हललं, आणि ते दुखलं. लवंगेचा चुरा झाला होता, जीभ भाजत होती. हात तसाच ठेवून आई माझ्या तोंडाकडे बघत थांबली, आणि तिला कसलीही घाई नव्हती.

"मलापण वाटते," मी म्हणाले. "तू अशीच राहिलीस तर, याची."