कोरड्या तलावाचे चेअरमन

माझे सासरे मच्छीमार सहकारी संस्थेचे चेअरमन होते. त्यांनी आयुष्यात कधी मासा हातात धरला नव्हता. आमचं घर लिंगायत, गळ्यात लिंग बांधणारं, किराणा दुकानावर चालणारं. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलं नाही. पण साखर कारखान्याच्या साहेबांना प्रत्येक संस्थेवर आपला माणूस लागायचा आणि मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, नावाच्या पुढं काहीतरी लागायचं. पिढ्यान्‌पिढ्या तलावात जाळी टाकणाऱ्या भोयांचे अंगठे घेतले आणि खुर्चीवर मामा बसले. त्या दुष्काळाच्या वर्षी तर तलावच उरला नव्हता. भोई ऊसतोडीला कर्नाटकात गेले होते. संस्थेची पाटी तेवढी नव्यानं रंगवून घेतली होती.

अशा वर्षी साहेबांच्या वाढदिवसानिमित्त बीडच्या मैदानावर मत्स्यालय आलं. मांडवात काचेच्या मोठमोठ्या पेट्या आणि त्यात रंगीबेरंगी मासे. 'मच्छीमार संस्थेच्या सौजन्यानं' असं कमानीवर लिहिलेलं. मामा आठवडाभर हवेत होते.

"सगळ्यांनी यायचं," ते म्हणाले. "बाळालाबी आणा. साहेब बघतील."

माझी लेक तेव्हा आठ महिन्यांची होती. गावात टँकर यायचा, तोही दिवसाआड. मी तिला परातीत उभं करून न्हाऊ घालायची आणि परातीतलं पाणी म्हशीला ठेवायची. सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, मी म्हटलं, "एवढ्या उन्हात पोर आजारी पडंल."

त्या म्हणाल्या, "पडंल. पण ह्यांना कोण सांगणार?"

ह्यांना सांगणारा घरात एकच माणूस असायला हवा होता, तो म्हणजे माझा नवरा. पण वडील बोलले की त्याची मान आपोआप हलायची. तसा तो वाईट नव्हता. रिकामा होता.

कारखान्याच्या जीपमधून आम्ही तेलगाव, वडवणी करत बीडला गेलो. रस्त्यानं दोन्ही बाजूंना वाळलेला कापूस आणि रिकाम्या घागरी घेऊन उभ्या राहिलेल्या बाया. मामा पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरला माशांच्या जाती समजावत होते. सगळ्या चुकीच्या असणार, पण ड्रायव्हरलाही काय माहीत.

मांडवात मात्र गार होतं. निळ्या उजेडात पिवळे, काळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे फिरत होते. खरं सांगते, त्या दिवशी त्या मांडवात मनापासून खूश झालेली एकच व्यक्ती होती, माझी लेक. 'काचेला हात लावू नये' या पाटीखाली तिनं दोन्ही हातांनी काच बडवली, काचेला तोंड लावलं, माशाकडं बघून खदखदून हसली. आत्याबाईही तिच्याबरोबर हसल्या. मी त्यांना असं हसताना फार कमी पाहिलं होतं.

मागच्या बाजूला एक टँकर उभा होता. त्याच्या पाइपातून पेट्यांत पाणी पडत होतं. तो आवाज ऐकून बघायला आलेल्या बायाबापड्या मासे सोडून तिकडंच बघायला लागल्या.

तेवढ्यात भाषण सुरू झालं. व्यासपीठावर पांढरे टॉवेल टाकलेल्या खुर्च्या, प्रत्येकापुढं पाण्याची सीलबंद बाटली. साहेब बोलायला उठले. विषय, पाणी जपून वापरा. आईशप्पथ, हाच विषय होता. मामा शेवटच्या खुर्चीवर, अर्धे बसलेले, प्रत्येक वाक्याला टाळी वाजवणारे.

आणि माझी लेक हागली. उन्हानं पोट बिघडलं असणार. दुपटं, झबलं, माझं लुगडं, सगळं भरलं. मैदानातला नळ कोरडा. मी टँकरपाशी गेले. तिथला बिल्लेवाला कार्यकर्ता म्हणाला, "पाणी माशांसाठी हाय, ताई. साहेबांनी सांगितलंय, कुणाला द्यायचं न्हाई."

पोर आता रडायला लागली होती. मी नवऱ्याला म्हटलं, "मामांना सांगा की. त्यांचीच तर संस्था हाय."

तो व्यासपीठाकडं बघत म्हणाला, "आता न्हाई. साहेब बोलायलेत."

"मग कवा?"

"भाषण झाल्यावर बघू."

आत्याबाईंनी त्याच्याकडं एकदा पाहिलं. पदर खोचला आणि सरळ व्यासपीठाच्या पायऱ्या चढल्या. जन्मात पाच माणसांसमोर न बोललेली बाई. मामा अर्धे होते ते पुरते उठले. "अगं, हिकडं कशाला आलीस?" असं दातांत म्हणाले. त्या त्यांच्यापुढून गेल्या आणि साहेबांपाशी थांबल्या.

"साहेब, तुमाला तहान हाय का?"

साहेब माइकसमोर गोंधळले. "न्हाई... का बरं?"

"मग ही नेते. नातीचं ढुंगण धुवायचंय."

माइक चालू होता. सगळ्या मैदानानं ऐकलं. त्यांनी साहेबांची बाटली उचलली, मग शेजारची, मग मामांचीही, आणि खाली आल्या. व्यासपीठाच्या मागं पोरीला पालथं धरून आम्ही दोघींनी तिला स्वच्छ धुतलं. बायांच्या गर्दीतून आधी एक हसू आलं, मग दुसरं, मग आवरेनाच. मामा आपल्या पायांच्या अंगठ्यांकडं बघत बसले होते.

परतताना जीपमध्ये ते एवढंच म्हणाले, "इज्जत घालवली."

आत्याबाई म्हणाल्या, "कुणाची?"

नवऱ्यानं खिडकीची काच वर केली.

मला वाटलं होतं, आता मामांची खुर्ची जाईल. मनातून मी वाटच बघत होते. पण साहेब हुशार. पुढच्या सभांत त्यांनी ही गोष्ट स्वतःच सांगायला सुरुवात केली. त्यांच्या गोष्टीत एका तान्ह्या लेकराचं रडणं ऐकून त्यांनी भाषण थांबवलं होतं, स्वतः खाली उतरले होते आणि आपल्या तोंडचं पाणी त्या माऊलीच्या हातात दिलं होतं. लोक टाळ्या वाजवायचे. मामा शेजारी बसून मान हलवायचे आणि संस्थेवर पुन्हा बिनविरोध आले.

लेक शाळेत जायला लागल्यावर तिनं ही गोष्ट मामांकडून ऐकली, साहेब सांगायचे तशीच. तिनं मला विचारलं. मी जे झालं ते सांगितलं. ती पुन्हा आजोबांकडं गेली.

ओसरीवर बसून ते म्हणाले, "तुझ्या आईला काय कळतंय गं. ती खाली होती, मी वर होतो."

आत्याबाई आत भाकरी थापत होत्या. त्यांनी ऐकलं. हात थांबला नाही, पण भाकरी जरा जोरात थापली गेली.