एकाच रक्ताचे, तर बांध कशाला?

माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. शिकलेल्या माणसांबद्दल त्यामुळे मला फार आदर. त्यातला बराचसा २०१४च्या एप्रिलमध्ये, सिंगापूरला टॅम्पिनीसच्या एका फ्लॅटमध्ये, पोहे खाता खाता उतरला.

तिथे आमच्या मराठी मंडळींचा अभ्यासवर्ग भरायचा. पोहे खात व्याख्यान, आणि पाहुणा असला की शेवटी शाल-नारळ. रशियाने नुकताच क्रिमिया युक्रेनकडून हिसकावला होता, म्हणून विषय तोच. वक्ते काका बँकेतून निवृत्त झालेले. तरुणपणी आठवडाभर मॉस्कोला जाऊन आले होते आणि तेवढ्या भांडवलावर जन्मभर रशियाचे जाणकार होते.

मी माझ्या सहकारिणीला बरोबर नेलं होतं. जुरोंग आयलंडवरच्या केमिकल कारखान्यात आम्ही एकाच युनिटला इंजिनिअर, कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणारे. ती क्रिमियाची तातार, म्हणजे तिथल्या मूळ समाजातली. तिची आजी तरुण असताना सोव्हिएत सैनिकांनी अख्ख्या तातार समाजाला अंगावरच्या कपड्यांनिशी आगगाडीच्या गुरांच्या डब्यांत कोंबून उझबेकिस्तानला धाडलं. पुढे अर्धं आयुष्य गेल्यावर तिची आई क्रिमियात परतली, तर आजीच्या जुन्या घरात दुसरेच लोक. तिने गावाबाहेरच्या माळावर नवीन घर बांधलं. आता क्रिमियाच्या नव्या मालकांचा, रशियाचा, हुकूम होता: आमचं नागरिकत्व नको असेल तर महिन्याभरात कळवा, नाहीतर तुम्ही आपोआप रशियन. नको म्हणावं तर स्वतःच्याच घरात परदेशी. आईचं ठरत नव्हतं. संध्याकाळच्या बसमध्ये लेक रोज फोनवर तिची समजूत घालायची, "नाही म्हण, आई."

अभ्यासवर्गाला यायची तिची एकच अट होती. "मला रशियन म्हणायचं नाही." मी काकांना दोनदा बजावलं होतं.

पाहुणीसाठी व्याख्यान इंग्रजीत झालं, टोमणे मात्र मराठीत. काका म्हणाले, क्रिमिया मुळातच रशियाचा. मध्येच एका सोव्हिएत नेत्याने तो युक्रेनला देऊन टाकला, एवढीच चूक.

मी उठलो. "काका, मुळात म्हणजे कधीपासून?"

"रशियाच्या राणीने जिंकला तेव्हापासून."

"जिंकला म्हणजे कुणाचा तरी होता ना?"

"तातारांची खानशाही होती तिथे. पण ते फार जुनं झालं हो."

"राणी ताजी आणि खान तेवढे जुने?"

कुणीतरी हसलं. काका नाही हसले. "तुम्ही इंजिनिअर लोक पाइप बघा. रशियन काय, युक्रेनियन काय, भाऊभाऊच. एकाच रक्ताचे. घरातलं भांडण आहे ते."

हे वाक्य मी लहानपणीच ऐकलं होतं. आमचा चुलता दर नांगरटीला आमचा बांध कोरायचा. यंदा वीतभर, पुढच्या वर्षी हातभर. वडील जाब विचारायला गेले की प्रेमाने पाठीवर हात ठेवायचा, "अरे, आपण एकाच रक्ताचे. मध्ये बांध कशाला?" बांध कशाला, हे नेहमी कोरणाराच विचारतो. आणि त्याच्या ओट्यावर चहा पिणारे शहाणे माना डोलवायचे. ते अडाणी होते, त्यांना माफ आहे. इथे समोर एम.ए., एम.बी.ए. बसले होते आणि माना तशाच डोलत होत्या.

मग सत्कार. काकांनी शाल उलगडली, हसून म्हणाले, "आता आपल्या रशियन पाहुण्यांचा..."

ती उभी राहिली. "मी क्रिमियन तातार आहे."

"हो, हो. पण तुम्ही रशियन तर छान बोलता ना?"

"तुम्ही इंग्लिश छान बोलता. तुम्ही इंग्रज का?"

तिने शाल काकांच्या हातातच राहू दिली. नारळ मात्र घेतला. खाली बस स्टॉपवर मला म्हणाली, "याला काय अर्थ असतो तुमच्यात?" मी म्हटलं, "मान देतो आम्ही." तिने नारळ पिशवीत घातला.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी बसमध्ये तिने फोन लावला आणि नुसतं ऐकत राहिली. ठेवल्यावर म्हणाली, "आईने ठरवलं. राहू दे म्हणाली. एक घर आगगाडीत बसवून घेतलं, दुसरं मी आपल्या हाताने देणार नाही. म्हणतील ते म्हणू देत." आईचा निकाल लागला होता. कागदावर ती रशियन.

महिन्याभराने काकांनी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो टाकला. क्रिमियात नव्या पासपोर्टसाठी लागलेली लांब रांग. खाली लिहिलं होतं: "बघा, लोक स्वखुशीने घेत आहेत." त्याखाली लगेच हात जोडलेले, अंगठे, टाळ्या.

मी फोटो मोठा करून बघितला. त्या रांगेत तिच्या आईच्या वयाच्या किती तरी बायका होत्या. हसत एकही नव्हती. स्वखुशी म्हणे! आमच्या वडिलांनीही शेवटी बांधाचं भांडण स्वखुशीनेच सोडलं होतं. चुलता गावभर तसंच सांगत फिरायचा.