गोलात बोललेलं

“बोला, बोला करून तुमीच मागं लागलेलात नं?”

“जयवंताताई, तिला काढा असं मी म्हणाले नव्हते.”

“मंग कोन म्हनालं? भिंत?”

औषधांची खोकी छापणारा खालापूरजवळचा कारखाना. जेवणाच्या सुट्टीत कामाची नवी पद्धत लावायला आलेल्या आरोही म्याडम कपाटाला टेकून उभ्या, आणि त्यांच्यासमोर कोंडाणे गावची जयवंता, हाताला डिंक लागलेला.

खोक्यावर तारीख नि बॅच नंबर नीट उठलाय का ते बघायचं, हे जयवंताचं लग्नानंतरचं सगळं आयुष्य. तापलेल्या सुपरवायझरलासुद्धा ती “आदी पानी प्या, मंग वरडा” म्हणायची. पण हल्ली अक्षरं मुंग्यांसारखी पळायची. शेजारच्या टेबलावरची पौर्णिमा, ठेकेदारानं रोजंदारीवर पाठवलेली पोरगी, आपलं काम उरकून हिची खोकी गुपचूप पुन्हा बघायची. ठाऊक सगळ्यांना, बोललं कुणी नाही. इथे एकमेकांचं झाकायची रीत.

आरोही आली ती हीच रीत मोडायला. रोज सकाळी उभ्याउभ्या सांगायचं: काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. शुक्रवारी खुर्च्यांचा गोल आणि फळ्यावर अडचणी लिहून लावायच्या रंगीत चिठ्ठ्या. “दोष कुणावरच नाही. मोकळं बोला.”

“काय अडचन नाय,” छपाई मशीनवरचा लडकू म्हणायचा.

“काय अडचन नाय,” त्याच्या पलीकडचा.

एका शुक्रवारी मॅनेजर राजेश साहेब मागे येऊन उभे राहिले. फळा कोरा. आरोहीनं पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. जयवंताला ते बघवेना. एवढी लांबून आलेली पोर, तिला चारचौघांत रिकाम्या हातानं कसं उभं ठेवायचं? ती उठली.

“माजी हाय अडचन. मला बारीक दिसत नाय. ही पौर्निमा बघते म्हनून निभतंय. लय गुनाची पोर!”

टाळ्या पडल्या. आरोहीनं चिठ्ठीवर दोन्ही नावं लिहिली.

जयवंता पर्मनंट, तिला काढता येईना; डिंकाच्या टेबलावर बसवलं. पौर्णिमानं न विचारता दुसरीच्या तपासणीत हात घातला, म्हणून तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

“औषधाची तारीख आहे, ताई. चुकली असती तर?”

“ते कळतं मला. मंग मला काडायचं! दोष नाय म्हनलात नं? जाऊन सांगा की सायबांना.”

“सांगितलं.” आरोहीनं कपाटाची कडी उगाच लावली. “पण... नेटानं नाही सांगितलं. मीही इथे नवीनच आहे.”

आता हिच्यावर तरी काय ओरडायचं? चिठ्ठी हिनं लिहिली, पण नाव आपण घेतलं. तेही कौतुकानं, मिरवत. जयवंताची मान वर होईना.

तेवढ्यात पौर्णिमा आपला डबा घ्यायला आत आली. जयवंता तिच्या वाटेत जाऊन उभी राहिली.

“मी तुजं चांगलंच सांगाया गेलते गं. रागावलीस काय?”

पौर्णिमानं फळीवरचा डबा उचलला, झाकण दाबून पाहिलं, आणि तिला वळसा घालून दाराबाहेर निघून गेली.