रविवारी शेंदलेलं पाणी

आक्का आज पहाटे गेली.

बाबांनी तिला मरेपर्यंत माफ केलं नाही. तिनं त्यांना ते मेल्यावरही केलं नाही.

मी बोलतोय, नात मोबाईलवर टाईप करतेय. "आजोबा, इतकं स्ट्रॉंग टाकू?" विचारत होती. टाक म्हटलं. नव्वदीला टेकलेल्या रिटायर्ड पाळकाचं आता कोण काय वाकडं करणार आहे!

सकाळपासून मंडळीच्या ग्रुपवर तुमचे मेसेज येतायत. "आक्का प्रभूच्या विसाव्यात गेल्या." खाली जोडलेले हात, वर पांढरं कबुतर.

मेहेरबानी करा. माझ्या बहिणीसाठी 'विसावा' हा शब्द वापरू नका. का, ते सांगतो.

१९३७-३८ चा सुमार असेल. आमचे बाबा बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका छोट्या मंडळीचे पाळक होते. चर्चच्या आवारात विहीर होती. गावच्या विहिरीवर ज्यांना कुणी उभं करत नसे, ते सगळे आमच्याकडे पाणी भरायचे.

रविवार सोडून.

रविवारी चूल नाही, केरवारा नाही, पाणी शेंदणं नाही. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी भांडी भरून ठेवायची. मग बाबा दोर आणि पोहरा काढून आमच्या घरात खुंटीला टांगायचे.

त्यामागचा विचार वाईट नव्हता. आमच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या कुणी सुट्टी दिली नव्हती. पाटलानं हाक मारली की हातातला घास ठेवून पळायचं. अशा माणसांना बाबा सांगत होते, आठवड्यातला एक दिवस तुमचा आहे, तो कुणाला देऊ नका.

पण विसावा वाटायला निघालेला माणूस हळूहळू त्याचा पोलीस झाला. आमच्या पेशात हे फार होतं.

तर मे महिन्यातला रविवार. कालवा कोरडा. उपासना चालू होती आणि बाहेर माणसांची एक टोळी येऊन थांबली. दुष्काळी भागातली माणसं, नव्या साखर कारखान्याच्या बाजूला कामाला चालली होती. पाणी मागत होती.

आक्का पंधरा-सोळाची. नुकतीच चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायला लागली होती. ती बाकावरून उठली आणि आमच्या घरातल्या माठातलं पाणी त्यांना वाटायला लागली. तिथवर बाबांनी चालू दिलं.

माठ संपला. एक बाई राहिली. कडेवर तान्हं मूल, म्हणून ती मागून आली होती.

"पोरी, ह्याला तरी दे गं. मला नगं."

आक्कानं खुंटीवरचा दोर काढला.

आत बाबांचा उपदेश रंगात आला होता आणि रहाट करकरला. सगळ्यांनी ऐकला. बाबा थांबले, पुस्तक मिटलं आणि बाहेर गेले. पाठोपाठ आम्ही सगळे दारात.

पोहरा नुकताच काठावर आला होता. बाबांनी तो आक्काच्या हातातून घेतला आणि पाणी परत विहिरीत ओतलं.

"बाई, आज विसाव्याचा दिवस आहे. उद्या ये."

त्या बाईनं वाद घातला नाही. "व्हय म्हाराज," म्हणाली. मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि चालू लागली. बाबा आत आले आणि सोडलेल्या वाक्यापासून पुढे बोलायला लागले.

दोन-तीन दिवसांनी आमच्यातलाच एक गाडीवान बातमी घेऊन आला. सणसरच्या अलीकडं ते मूल गेलं.

पुढच्या रविवारी बाबांनी प्रार्थना केली. आवाज जड झाला होता, खोटं कशाला सांगू? म्हणाले, "प्रभू, त्या अनोळखी लेकराला तू तुझ्या विसाव्यात घेतलंस, तुझे आभार."

आक्का उभी राहिली.

"बाबा, त्याला विसावा नको व्हता. पाणी पायजे व्हतं."

पाणी शेंदल्याची शिक्षा तिला झाली नाही. या वाक्याची झाली. मंडळीचे पंच बसले आणि ठरलं, आक्काचं प्रभुभोजन बंद. मंडळीसमोर उभं राहून "मी चुकले" म्हणेपर्यंत बंद.

आई रडकुंडीला यायची. "म्हण की गं एकदा. तोंड झिजतंय व्हय तुजं?"

"चुकलं कोन, त्ये आदी ठरव आई."

प्रभुभोजनाच्या दिवशी आक्का मुद्दाम पहिल्या बाकावर बसायची. बाबा भाकरीचं ताट घेऊन यायचे. आईला द्यायचे, आक्काला टाळून पुढच्याला द्यायचे. स्वतःच्या लेकीला. वर्षानुवर्षं. ती त्यांच्याकडे बघत राहायची आणि ते ताटाकडे.

अशा मुलीचं लग्न चर्चमध्ये कोण लावणार? नाही झालं. ती नर्स झाली आणि रविवारची ड्युटी मागून घ्यायची.

बाबा गेले. चर्चच्या भिंतीवर त्यांच्या नावाची फरशी बसली. "प्रेमळ मेंढपाळ" असं कोरलंय. बघून घ्या कधी जळोचीकडून येता-जाता.

मी पाळक झालो. पहिल्याच वर्षी पंचांना विचारलं नाही, काही नाही. भाकर आणि द्राक्षरस घेऊन सरळ आक्काच्या खोलीवर गेलो. म्हटलं, "आक्के, माफी नको, काही नको. घे."

तिनं भाकरीकडे बराच वेळ बघितलं. तिला हवी होती. हे मी पैजेवर सांगतो, तिला फार हवी होती.

मग म्हणाली, "त्या बाईचं नाव काय व्हतं रं?"

मला कुठून माहीत असणार!

"आपल्यातल्या कुणीच इचारलं न्हाय. मी बी न्हाय. तिचं नाव आन, मग घास घेते."

मी गाडीवानाच्या घरी गेलो. कारखान्याच्या जुन्या चाळीत गेलो. म्हाताऱ्या-कोताऱ्यांना विचारत इंदापूरपर्यंत फिरलो. लोक मला हसायचे. मुलाबाळांसकट अशी कितीतरी माणसं त्या रस्त्यानं गेली होती.

काल दवाखान्यात मी पुन्हा भाकर घेऊन गेलो होतो. आक्काला बोलता येत नव्हतं. तिनं फक्त माझ्याकडे बघून भुवई उंचावली.

मी मान हलवली. नाही म्हणून.

तिनं तोंड मिटून घेतलं.

आज चार वाजता माती आहे. या सगळे.

आक्के, जा आता. तुझ्या भावाचा शेवटचा नमस्कार.