सिंह, पंख आणि दोन काळे पट्टे

"सिंह कुठाय?" भाऊसाहेबांनी माझा कागद टेबलावर आपटला.

भाऊसाहेब नगरातले मोटरसायकलींचे एजंट. गॅरेज त्यांचं, रेसिंग टीमही त्यांचीच. सत्तरनंतरच्या त्या दोन-तीन वर्षांत गावाबाहेरच्या माळावर कच्च्या ट्रॅकवर शर्यती होत. टीमच्या चिन्हाला तेव्हा सगळे मोनोग्राम म्हणत. जुन्या मोनोग्रामात सिंह, पंख लावलेलं चाक, ज्वाळा आणि खाली फर्मचं पूर्ण नाव होतं. 'परदेशी मासिकात असतात तसा नव्या फॅशनचा करा,' असं भाऊसाहेबांनीच मला सांगितलं होतं.

मी मुंबईत कमर्शियल आर्ट शिकून आलो होतो. तेव्हाची नवी पद्धत म्हणजे फ्लॅट कलर, छटा न देता सपाट भरलेला रंग. आणि आकार कमीत कमी. मी पिवळा गोल काढला. त्यात दोन तिरके काळे पट्टे. बस.

"हा ट्रॅकवर लांबून ओळखू येतो," मी म्हणालो.

"अहो पेंटर, असल्या रेघा आमचा ड्रायव्हरपण मारील! सिंह घाला. पंख घाला. नाव तर पाहिजेच."

पेंटर! माझं डोकं तडकलं. तरी घातलं सगळं. गिऱ्हाईक होतं. पिवळ्या गोलात जत्रा भरली. तीच गाड्यांच्या पेट्रोलच्या टाकीवर आणि रायडरच्या छातीवरच्या कापडावर गेली.

ट्रायलच्या दिवशी मी माळावर होतो. आमचा रायडर शमुवेल, जामखेडचा, गॅरेजमध्ये मेकॅनिक. दुसरा रायडर एकनाथ वळणावर झेंडा घेऊन उभा होता. शमुवेलची चेन सैल झालेली त्याला आधीच्या फेरीत दिसली होती, म्हणून शमुवेलला थांबवायचं होतं. धुळीतून दोन गाड्या आल्या. दोन्हींवर नुसते मळकट डाग. एकनाथनं झेंडा दाखवला तो दुसऱ्याच टीमच्या गाडीला. शमुवेल तसाच पुढं गेला. चेन निसटून मागच्या चाकात अडकली आणि तो खांद्यावर आपटला.

त्याला दवाखान्यात पोचवून मी थेट भाऊसाहेबांच्या केबिनमध्ये शिरलो.

"तुमच्या सिंहापायी त्याचा खांदा मोडला!"

"आवाज खाली. रेस म्हटलं की पडतातच माणसं."

म्हणे पडतातच! मी तडक बाहेर पडलो. गॅरेजमध्ये गेलो, कापडाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि टाकीवरचा सिंह घासून काढला. एकनाथ दुसरी टाकी घासायला बसला. भाऊसाहेब धावत आले.

"कुणाला विचारून? पोलिसात देईन!"

एकनाथ पाथर्डीचा, एरवी त्यांच्यासमोर मान वर करत नसे. तो उठून उभा राहिला. "द्या. पर गाडीवर पट्टंच ऱ्हातील. न्हाईतर मी बसत न्हाई. शमू माझ्या म्होरून गेला, मला वळखला न्हाई."

शर्यत तोंडावर आलेली. एकनाथशिवाय रायडर उरला नव्हता. भाऊसाहेब पाय आपटत निघून गेले. मी दोन्ही टाक्यांवर नुसता पिवळा गोल आणि दोन काळे पट्टे रंगवले.

शर्यतीत एकनाथ तिसरा आला. टेकाडावरची माणसं लांबूनच 'पट्टेवाला आला' म्हणून ओरडत होती. 'ही नव्या धर्तीची कल्पना माझीच,' असं भाऊसाहेबांनी पेपरवाल्याला सांगितलं. शमुवेलचा हात खांद्याच्या वर पुन्हा गेला नाही. भाऊसाहेब त्याला बघायलासुद्धा गेले नाहीत. तो राग अजून उतरलेला नाही.

त्यानंतर एकही मोनोग्राम मी टेबलावर पास करून घेतला नाही. गिऱ्हाइकाला आधी ट्रॅकवर उभं केलं आणि लांबून तो ओळखायला लावला.