पिंडाशेजारचा सिगार

काय तोंडाने सांगू तुम्हाला! माणूस जिवंतपणी रुसला तर समजूत काढता येते हो. गेल्यावर रुसला, आणि तोही माझ्यामुळे, तर काय करायचं? चहा घ्या, पण हसू नका. माझे सासरे होते ते, आणि माझा फार जीव होता त्यांच्यावर.

सासरे रोह्याचे. उभा जन्म बोटीवर नोकरी केली आणि तिथूनच पाइपचा नाद घेऊन आले. दहाव्याच्या आदल्या दिवशी सासूबाईंचा फोन. "जावईबापू, उद्या पिंडाशेजारी त्यांचा पाइप ठेवायचाय, पेटवून. घरातली तंबाखू संपलीय. पेणला मिळते का बघा."

मी पेणच्या रामवाडीत राहतो आणि मळून खातो. म्हणजे तंबाखूतलं मला कळतं, नाही का? सगळं पेण पालथं घातलं. पाइपची तंबाखू कुठेच नाही! शेवटी हायवेवरच्या पानवाल्याकडे एक सिगार दिसला. म्हटलं, तंबाखू ती तंबाखू! सिगार चुरला, पुडी बांधली आणि गेलो रोह्याला.

सकाळी कुंडलिकेच्या काठी मीच पाइप ठासून भरला, काडी लावली, दोन झुरके मारले. असा ठसका लागला की भटजींना वाटलं, आणखी एक गेला!

मेव्हण्याने नाक वर केलं. "भावोजी, हा वास बाबांचा नाय."

"तंबाखूच हाय रे!"

"कसली?"

"सिगारची."

त्याने कपाळावर हात मारला. "अहो, पाइपची तंबाखू कापलेली, ओलसर असते. बाबांच्या तंबाखूला तर गोडसर वास असायचा, घर पिकल्या फणसासारखं घमघमायचं. सिगार म्हणजे सुकवून आंबवलेली पानं, गुंडाळलेली. कडक! बाबा सिगारवाल्याच्या शेजारी बसायचे नाय!"

पाइप लांब नेऊन ठेवला. पण कावळा काही पिंडाला शिवेना. समोरच्या झाडावर बसून नुसता माझ्याकडे बघत होता.

"बाबा, आईला अंतर देणार नाय," मेव्हणा म्हणाला. कावळा ढिम्म.

"धाकटीचं लग्न थाटात लावू." कावळ्याने मान फिरवली.

ऊन चढलं. सगळे उपाशी. सासूबाईंनी माझ्या बायकोचा हात धरला आणि रडायलाच लागल्या. "कशात गो जीव अडकला असंल यांचा?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटच्या दिवशीसुद्धा मी त्यांना धड निरोप देऊ नये? डोळ्यांत पाणी आलं. पुढे झालो, हात जोडले. "बाबा, चुकलो! मुंबईला जातो, स्वतः जातो, खरी तंबाखू घेऊन येतो!"

कावळा होता त्या फांदीवरून उठला आणि आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसला.

मग मेव्हणा वैतागून ओरडला, "बाबा, या भावोजींना परत कधी, कायपण आणायला पाठवणार नाय!"

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर!

सगळ्यांनी डोळे पुसले. भटजींनी माझ्याकडे बघून सुस्कारा सोडला. "सुटले बिचारे. एवढीच इच्छा राहिली होती."